डुकरांचा कारभारी

सभापतींनी माझं नाव पुकारलं, मी उठलो, घसा साफ केला, "सभापती महोदय" एवढंच म्हणालो, आणि मागच्या रांगांतून कुणीतरी डुकराचा आवाज काढला. घुर्र, घुर्र, आणि शेवटी नाकातून निघणारी ती बारीक किंकाळी. अगदी हुबेहूब. शहरात जन्मलेल्या माणसाला ती किंकाळी जमत नाही, तो नुसता घशातून घुरघुरतो. ज्याने कुणी हा आवाज काढला, त्याने लहानपणी पहाटे उठून डुकरांना कोंडा-पाणी घातलेलं होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तो आमच्यातलाच होता आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. साडेतीनशे माणसं हसली. जून महिना, खिडक्या उघड्या, त्यामुळे बाहेर मेपलच्या सावलीत उभे असलेले गाडीवानही हसले असतील. सभापतींनी हातोडा उचलायच्या ऐवजी रुमाल उचलला आणि तोंडापुढे धरला. रुमालाच्या वरून त्यांचे डोळे मला दिसत होते. माझ्या हातात कागद होता, त्यावर नऊ मुद्दे लिहिलेले होते. मी लिहिले होते आणि केझायाने, माझ्या बायकोने, त्यातली शुद्धलेखनाची धूळ झटकली होती. पहिला मुद्दा होता, 'नदी कोणाच्या मालकीची नाही.' मी त्या वाक्याकडे पाहिलं आणि बसलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सात वर्षं गावचा पंच, अकरा वर्षं गावसभेचा अध्यक्ष, आणि मी शाळेतल्या पोरासारखा खाली बसलो. अकरा वाजता सभा उठली. तीन वाजता पुन्हा बसणार, आणि तेव्हा आमच्या ठरावावर मतदान होणार.

मी राजधानीच्या, कॉन्कर्डच्या, मुख्य रस्त्याला लागलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि डोक्यावर ऊन. या शहरात माणसं इतकी सावकाश कशी चालतात कळत नाही, जणू सगळ्यांची कामं कुणी दुसराच करून ठेवतोय. औषधांच्या दुकानाबाहेर सकाळचं वर्तमानपत्र लावलेलं होतं. मी तिथे थांबलो नाही. त्यात काय आहे ते मला नाष्ट्याच्या टेबलावरच कळलं होतं. विधिमंडळाच्या सदस्यांची एक पुस्तिका छापली जाते दरवर्षी, प्रत्येकाला तीन-चार ओळी. मे महिन्यात त्यांनी सगळ्यांकडे एक छापील कागद पाठवला, त्यात विचारलं होतं, 'आजवर भूषवलेली सर्व पदं.' सर्व म्हणजे सर्व, असं मला वाटलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अगदी पहिल्यापासून ओळीने लिहिलं: डुकरांचा कारभारी, कुंपण-पंच, रस्त्यांचा देखरेखदार, पंच, गावसभेचा अध्यक्ष. काय चुकलं माझं? पायऱ्या सांगायच्या तर खालच्या पायरीपासूनच सांगतात. पण शहरातल्या माणसाने वरची एकच पायरी लिहिली असती आणि खाली जिना होता याचा पत्ताही लागू दिला नसता. त्या पुस्तिकेचा कच्चा छापील मजकूर कुठून तरी वर्तमानपत्रवाल्यांच्या हाती लागला. त्यांनी सकाळी छापलं: 'वेस्ट बार्नबीचे सन्माननीय प्रतिनिधी, शेतकरी आणि डुकरांचे माजी कारभारी, श्री. ऑरिन पीझली आज नदीविषयी बोलणार आहेत. डुंबण्याचा विषय निघाल्यावर अधिकारी माणसानेच बोललं पाहिजे.' सात वर्षांचं पंचपद गेलं, अकरा वर्षांचं अध्यक्षपद गेलं. राहिली डुकरं.

आता हे पद काय, ते आमच्याकडल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पूर्वी गावातली डुकरं मोकळी फिरत, तेव्हा ती कुणाच्या शेतात शिरू नयेत, शिरली तर कोंडवाड्यात न्यावीत, नाकात कडी घातलेली नसेल तर घालावी, यासाठी गावसभा दर मार्च महिन्यात एक माणूस निवडत असे. पुढे डुकरं कुंपणात गेली आणि पद तेवढं राहिलं, थट्टेपुरतं. वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्याला उभा करायचा आणि हात वर करून निवडून द्यायचा. घरात कारभारीण आणलीस ना, मग आता तूही कारभारी हो, डुकरांचा! मग हशा, मग पाठीवर थापा, मग नवऱ्यामुलाने सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजायची. माझी निवड झाली १८४१ साली. लग्नाला पाच आठवडे झाले होते. मी तेव्हाही तांबडालाल होऊन घरी आलो होतो आणि टोपी खुंटीवर न टांगता जमिनीवर आपटली होती. केझाया पाव मळत होती. तिने कोपरापर्यंत पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "शपथ घेतलीस का?"

"घेतली. सगळे हसत होते."

"हसतील त्याचे दात दिसतील. शपथ घेतलीस ना? मग कर की कारभार, कारभारी."

आणि मी केला. तिने मला गावाच्या जुन्या नियमांची वही आणायला लावली. त्यात लिहिलं होतं की जनावर परक्या शेतात सापडलं तर कारभाऱ्याने मालकाच्या फाटकापाशी उभं राहून तीनदा मोठ्याने विचारायचं, 'कोणाचं जनावर आहे हे?' मालकाने ओ दिली तर त्याने ते घरी न्यायचं आणि शेतकऱ्याची भरपाई करायची. तिसऱ्यांदाही ओ आली नाही, तर कोंडवाडा. त्या एप्रिलमध्ये कर्नल लव्हरिंगचा नर डुक्कर विधवा सार्जंटबाईंच्या वाटाण्याच्या वाफ्यात शिरला आणि त्याने वाफ्याचा चिखल केला. कर्नल म्हणजे गावातला सर्वांत मोठा जमीनदार, चर्चमध्ये पहिला बाक त्याचा. मी त्याच्या फाटकापाशी उभा राहिलो. आत कर्नल जेवत होता, खिडकी उघडी होती, मांसाचा वास येत होता. मी विचारलं, "कोणाचं जनावर आहे हे?" आतून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा विचारलं. कर्नल खिडकीशी आला, गळ्यात रुमाल, आणि म्हणाला, "अरे ऑरिन, बायकोने घराबाहेर काढलं वाटतं?" तिसऱ्यांदा विचारलं. तो खिडकी लावून जेवायला बसला. डुक्कर ढकलून पुढे जात नाही, ओढून तर मुळीच येत नाही. पण त्याच्या तोंडावर टोपली घातली की ते मागे मागे सरकतं. मी टोपली धरली आणि माझ्या नव्या नवरीने शेपूट धरून दिशा दिली. अर्धा मैल, सगळ्या गावादेखत, आम्ही कर्नलचं डुक्कर उलट्या पावलांनी कोंडवाड्यात नेलं. पुढच्या मार्चला मला कुंपण-पंच केलं, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. माझं राजकारण तिथून सुरू झालं, टोपली आणि शेपटीपासून. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? उलट त्या साडेतीनशेंपैकी किती जणांनी कर्नलांच्या फाटकापाशी तीनदा तोंड उघडलंय, ते मला कळू दे.

श्रीमती डाऊंच्या खाणावळीत मी उतरलो होतो. जेवायला उकडलेलं मटण होतं, सलगम होते आणि कालच्या बीन्स. मी जेमतेम बसतोय तेवढ्यात समोर फॅरनम येऊन बसला. हा गिरण्यांच्या शहराचा प्रतिनिधी, वकील, पांढरीशुभ्र कॉलर, आणि गिरण्यांच्या कंपनीचं काम तो बघतो हे इथे कुणी लपवतही नाही. तीन वर्षांपूर्वी कंपनीने आमच्या खाली सहा मैलांवरचा बंधारा फळ्या ठोकून दोन फूट उंच केला. उन्हाळ्यातही त्यांची चाकं फिरती राहावीत म्हणून. फिरू देत की. पण पाणी मागे मागे चढत आमच्या कुरणात आलं. नदीकाठची सव्वाशे एकर कुरणं, एकोणीस घरांची, माझ्या पणज्यापासून ज्यात कधी नांगर लागला नाही की बी पेरलं नाही, आपोआप छातीएवढं गवत यायचं. जुलैत तिथे अठरा-वीस माणसं ओळीने कापत जायची, लांब दांड्याचे विळे एका तालावर, बायका मडक्यांतून आलं-काकवीचं पाणी घेऊन यायच्या. आता तिथे बेडूक आहेत. गुडघाभर पाण्यात मुळं कुजतात आणि वर येतं ते लव्हाळं, जे गुरं तोंडातही घेत नाहीत. आमचा ठराव एवढाच होता की दर वर्षी पंधरा मेपासून ऑगस्टअखेर त्या फळ्या काढून ठेवाव्यात. बंधारा तोडा असं कुणीच म्हणत नव्हतं.

"सकाळचं मनाला लावून घेऊ नका, पीझलीकाका," फॅरनम मटण कापत म्हणाला. "पोरकटपणा आहे. सभागृहात उकाडा असला की असं होतं."

"कुणी केला तो आवाज?"

"आता साडेतीनशे माणसांत कोण कुठे घुरघुरला ते कसं कळणार!" तो हसला. दात चांगले होते. "माझं ऐका, ठराव पुढच्या अधिवेशनापर्यंत तहकूब करून घ्या. मीच मांडतो तशी सूचना. कंपनीही एक समिती नेमेल, माणसं येऊन कुरणं बघतील. सगळं गोडीगुलाबीनं."

"पुढच्या जूनपर्यंत मुळं राहणार नाहीत."

"मग पुन्हा पेरा! तुम्ही शेतकरी आहात, काका. आम्हाला कुठे ते येतंय?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी सलगमाकडे बघत बसलो. मला उत्तर सुचत होतं, चांगली चार उत्तरं सुचत होती, पण तोंड उघडलं तर पुन्हा तोच आवाज येईल अशी धास्ती वाटली. या टेबलावर कुणी काढणार नव्हतं तो, तरी. म्हणजे बघा, सकाळी एकदा झालं आणि दुपारी माझं तोंड माझ्या मालकीचं राहिलं नाही. फॅरनमने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला. त्याच्या हाताची ऊब कोटावर बराच वेळ राहिली, आणि ती झटकावीशी वाटली.

दारात पुस्तिकेचे कारकून क्विम्बी उभे होते. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, बाह्यांवर शाईचे डाग. हातात ती कच्ची छपाई. "साहेब," ते हळूच म्हणाले, "माझ्या टेबलावरून कुणीतरी हे पान नेलं, त्याची मला फार शरम वाटते. छापखाना चारपर्यंत थांबलाय. ती पहिली ओळ उडवतो मी. नुसतं 'शेतकरी, पंच, अध्यक्ष' ठेवू. सगळे तसंच करतात."

"सगळे?"

"तुम्ही कशाला विचारता! आपल्या सभापतींनाही एके काळी त्यांच्या गावाने डुकरांचे कारभारी केलं होतं, साहेब. चौतीस साली. त्यांनी तेवढं लिहिलं नाही, इतकंच."

रुमालाच्या वरून दिसलेले ते डोळे मला आठवले. मी क्विम्बींना म्हणालो, तीन वाजता सांगतो. मग वर खोलीत जाऊन मी पिशवी भरली. दोन सदरे, दाढीचं सामान, केझायाने दिलेले डोनट आणि चीजचा तुकडा. सव्वादोनची गाडी उत्तरेकडे जाते. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. माझे हात सदऱ्यांच्या घड्या घालत होते आणि मी त्यांना अडवत नव्हतो. जाऊन कुरण बघू. कुरण नाही तर पाणी बघू. तिथे माझ्यावर कुणी हसत नाही.

स्टेशनच्या बाकावर ऊन होतं. मी तिथेच बसलो. आणि इतका वेळ जे मी रागाच्या भरात मागे ढकलत होतो, ते तिथे माझ्याशेजारी येऊन बसलं. कारण तो आवाज मी ओळखला होता. त्यातली शेवटची किंकाळी, नाकातून काढलेली, ती तशी काढणारा मला चांगला ठाऊक होता. आमच्या गावसभेत तो आवाज सर्वांत उत्तम मी काढत असे. १८६६ च्या मार्चमध्ये मी अध्यक्ष होतो, हातोडा माझ्या हातात होता. माझी मुलगी अल्मायरा हिचं जानेवारीत लग्न झालं होतं, ल्यूशस हॉइटशी. तो यादवी युद्धावरून परत आला होता, दक्षिणेतल्या कैद्यांच्या तळावर अकरा महिने काढून. मुळातच अबोल, आल्यावर आणखीनच. भिंतीला पाठ लावून बसायचा, ताटात काही टाकायचा नाही, आणि पाव खिशात ठेवायचा. गावसभेत कुणीतरी ओरडलं, "डुकरांच्या कारभाऱ्याच्या पदासाठी मी ल्यूशस हॉइटचं नाव सुचवतो!" आणि सभागृह गडगडलं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, पोरगा आता गावचा झाला, गावाने त्याला आपल्यात घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी मला घेतलं तसं. आणि त्या आनंदात मी, अध्यक्ष, हातोडा आपटायच्या ऐवजी वाकलो आणि तो आवाज काढला. घुर्र, घुर्र, आणि किंकाळी. एवढा हशा कधी पिकला नव्हता. ल्यूशस उठला. त्याने टोपी घेतली. माझ्याकडे बघितलं, पण असं, की तिथे मी नव्हतोच, दुसरंच कुणीतरी उभं होतं. मग तो बाकांच्या मधून बाहेर गेला, आणि लोकांना वाटलं, लाजला. मी म्हणालो, "नवा नवरा लाजला, पुढचा विषय घ्या."

त्या तळावर पहारेकरी मक्याचं पीठ आत टाकताना कैद्यांना डुकरांसारखे आवाज काढून बोलावत. ज्यांना यायचं ते रांगत येत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त अल्मायराला. तिने आईला सांगितलं आणि आईने मला, पण एप्रिलमध्ये, ती दोघं दूर पश्चिमेला, आयोवाला निघून गेल्यावर. जमीन स्वस्त आहे म्हणून गेली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. जमीन स्वस्त होतीच. मार्चमधल्या त्या दिवशी, सभेनंतरच्या जेवणासाठी, केझाया पलीकडच्या खोलीत बीन्स वाढून ठेवत होती आणि तिने भिंतीतून तो आवाज ऐकला होता, तिला माझा आवाज कळणार नाही असं कसं होईल. आम्ही घोडागाडीतून घरी आलो. फाटकापाशी उतरताना ती म्हणाली, "मिस्टर पीझली," रागावली की ती मला मिस्टर पीझली म्हणते, "आज एकानेही उठून विचारलं नाही, कोणाचं जनावर आहे हे."

"थट्टा होती, केझाया. माझीही केली होती."

"तुझी केली तेव्हा तू टोपी आपटायला घरी येऊ शकलास. त्याचं घर कुठे होतं?"

तेव्हापासून ती गावसभेच्या जेवणाला वाढायला गेलेली नाही. आठ वर्षं झाली. आयोवाहून वर्षाला दोन पत्रं येतात, अल्मायराच्या हातची, मका कसा आला, मुलं किती वाढली, आणि शेवटी 'ल्यूशस बरा आहे.' त्याने स्वतः कधी एक अक्षर लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहायचं? की मला ठाऊक नव्हतं? ठाऊक नव्हतं हे खरंच होतं, आणि ठाऊक नसताना मी तो आवाज काढला हेही खरं होतं. कर्नलही म्हणाला असता, मला कुठे माहीत होतं डुक्कर वाफ्यात शिरलं ते. कंपनीही तेच म्हणते. पाणी इतकं मागे येईल याची आम्हाला कल्पना नव्हती. सगळी मोकाट सुटलेली जनावरं अशीच असतात, त्यांच्या मालकांना कधीच कल्पना नसते. आठ वर्षं मी स्वतःच्या फाटकाआड, खिडकी लावून, रुमाल बांधून जेवत बसलो होतो.

गाडी आली. लोक चढले. मी पिशवी हातात धरून उभा राहिलो आणि घरी गेल्यावर काय होईल ते मनात घडवून बघितलं. केझाया ओट्याशी असेल. मी सांगेन, त्यांनी डुकराचा आवाज काढला, सगळे हसले, म्हणून मी आलो. ती हात पुसेल. पाणी देईल. आणि मग विचारेल, तिला विचारायला लागणारच नाही, नुसती बघेल, की विचारलंस का, कोणाचं जनावर होतं ते? गाडी सुटली. कंडक्टरने माझ्याकडे बघून हात हलवला, तो चढा म्हणत होता की निरोप घेत होता, कळलं नाही.

तीनला पाच कमी असताना मी जिन्यावर क्विम्बींना गाठलं. म्हणालो, "ती ओळ राहू द्या. सर्वांत वर राहू द्या." त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि मान हलवली. सभागृहात घामाचा आणि तंबाखूचा वास होता. फॅरनमने तहकुबीची सूचना मांडली, गोड बोलला, आमच्या कुरणांना निसर्गरम्य म्हणाला. सभापतींनी विचारलं, वेस्ट बार्नबीच्या सदस्यांना काही बोलायचं आहे काय. मी उठलो. "सभापती महोदय," मी म्हणालो. घुर्र, घुर्र, आणि किंकाळी.

मी सभापतींकडे पाठ केली. असं करायचं नसतं. मी मागच्या रांगांकडे तोंड करून उभा राहिलो आणि फाटकापाशी ज्या आवाजात विचारायचं त्या आवाजात विचारलं, "कोणाचं जनावर आहे हे?"

हसू फुटलं. सकाळपेक्षा मोठं. मी ते संपेपर्यंत थांबलो. वही सांगते की घाई करायची नाही. मग दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी खेड्यांतून आलेले लोक हसले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं, त्यांच्या गावांतही ती वही असणार. सभापतींनी हातोडा उचलला. "सदस्यांनी विषयाला धरून बोलावं."

"विषयालाच धरून आहे, महोदय. आपल्यालाही हा नियम पाठ असेल, चौतीस सालापासून."

हातोडा हवेतच राहिला, मग हळूच टेबलावर टेकला, आवाज न करता. मी तिसऱ्यांदा विचारलं. बाहेर एक घोडा खूर आपटत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मागच्या रांगांत साठ-सत्तर चेहरे होते, दाढ्या, उन्हाने रापलेले गाल. त्यांतला एक तो आवाज काढणाऱ्याचा होता, आणि तो खाली बघत होता. पण खाली बरेच जण बघत होते.

"ओ आली नाही," मी म्हणालो. मग मी वळलो, कागद घडी करून खिशात घातला आणि बोललो. कंपनीचं पाणी हे परक्याच्या शेतात शिरलेलं जनावर आहे, आणि तीन वर्षं आम्ही त्यांच्या फाटकापाशी विचारतोय. कुरणांची नावं घेतली, एकोणीस घरांची नावं घेतली, कोणाच्या किती गायी विकल्या गेल्या ते सांगितलं. राग आला होता आणि तो लपवला नाही. वीस मिनिटं बोललो. मग मतदान झालं आणि आम्ही एकवीस मतांनी हरलो. तहकूब. फळ्या या उन्हाळ्यातही तिथेच राहणार. फॅरनमने येऊन माझा हात हातात घेतला, आणि मी तो सोडवून घेतला. गोडीगुलाबीची मला हौस नाही.

बाहेर जिन्यापाशी एक माणूस वाट बघत उभा होता. पंचेचाळिशीचा, हात कोयत्याच्या मुठीसारखे कठीण, टोपी दोन्ही हातांत. वरच्या डोंगराळ भागातल्या कुठल्याशा गावचा. मी जवळ येईपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "माझं होतं ते."

मी थांबलो.

"सकाळचंही. थट्टा म्हणून. मला वाटलं..." त्याने टोपी हातात फिरवली. "मत तुमच्याच बाजूने दिलं मी. पण ते माझं होतं."

काय काय म्हणायचं मी ठरवलं होतं त्या माणसाला, दुपारभर! वहीत लिहिलेलं तेवढं आठवलं. "घरी घेऊन जा मग," मी म्हणालो. त्याने मान हलवली, टोपी घातली आणि गेला. जिना उतरताना त्याची पाठ मला दिसत होती, आणि मला त्याचा हेवा वाटला. इतकं सोपं होतं ते. फाटक उघडायचं आणि ओ द्यायची.

खाणावळीच्या खोलीत अजून भरपूर उजेड होता. जूनमध्ये आठपर्यंत असतो. मी पिशवी न उघडता टेबलाशी बसलो, भाषणाचा कागद काढला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. लेखणी तीनदा शाईत बुडवली आणि तीनदा वाळू दिली. खाली श्रीमती डाऊ ताटं मांडत होत्या. शेवटी मी लिहिलं, 'ल्यूशस, मुला.' आणि त्याच्याखाली, केझायाला दुरुस्त करावं लागणार नाही अशा स्वच्छ अक्षरात: 'ते जनावर माझं होतं.'